ट्रॅक्टरच्या सीटवर जाड फोमची गादी टाकूनही कंबरदुखी का वाढते?

आपले वडील वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवतात, कंबरेसाठी त्यांनी सीटवर जाड फोमची गादी टाकली आणि तरीही दुखणे वाढले, असे का, हा आपला प्रश्न. यंत्रांची कंपने मोजणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्या आधारावर सांगतो की दोष गादीचाही असू शकतो.

हादरा किती जोराचा आहे यावर जितके, तितकेच तो सेकंदाला किती वेळा बसतो यावर शरीराचे हाल अवलंबून असतात. संथ हेलकाव्यांनी बोटीत बसल्यासारखी मळमळ होते. काँक्रीट फोडायच्या हातातल्या ब्रेकरच्या जलद कंपनांनी बोटांतील रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. बसलेल्या माणसाचे धड मात्र ४ ते ६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार ते सहा वेळा बसणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक प्रतिसाद देते. झोका त्याच्याच लयीत ढकलला की जसा चढत जातो, तसा सीटवरचा हादरा कण्यापर्यंत पोहोचेतो मोठा होतो. पाठीचे स्नायू दर हादऱ्याला आवळून कणा सावरू पाहतात, पण त्यांची प्रतिक्रिया किंचित उशिरा येते, त्यामुळे मणक्यांमधील गाद्यांवरचा दाब कमी होण्याऐवजी वाढू शकतो आणि स्नायूही थकतात.

बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या आसाला स्प्रिंग नसते. टायरमधील हवा हीच काय ती स्प्रिंग, आणि तिच्यावर ट्रॅक्टर याच ४ ते ६ हर्ट्झच्या आसपास उसळत राहतो. त्यात माणूस बसलेल्या जाड फोमची स्वतःची वारंवारताही, म्हणजे सेकंदाला वरखाली होण्याची त्याची लयही, साधारण ४ हर्ट्झ असते. म्हणजे बसायला मऊ वाटणारी गादी नेमका घातक हादराच वाढवून देते.

खरा उपाय स्प्रिंग आणि डॅम्पर (उसळी शमवणारा भाग) असलेल्या सीटचा आहे, कारण तिची वारंवारता २ हर्ट्झच्या खाली, म्हणजे धडाच्या ४ ते ६ हर्ट्झपासून दूर, ठेवता येते. अशा सीटला चालकाच्या वजनानुसार फिरवायची मूठ असते, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ती चुकीच्या जागी असली की सीट तळाला आदळते आणि तो दणका साध्या सीटपेक्षा वाईट. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा नसावी आणि रिकामी ट्रॉली घेऊन कच्च्या रस्त्यावरून वेगाने जाणे टाळावे, कारण वेग वाढला की हादरेही वाढतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामात सर्वांगाला बसणाऱ्या कंपनाची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकाला उपाययोजना करावी लागते, आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे.

नांगर किंवा रोटाव्हेटर पाहण्यासाठी सतत मागे वळून बसल्याने पिळलेल्या कण्यावर हादरे बसतात, हे मला गादीइतकेच महत्त्वाचे वाटते. ट्रॅक्टरवरून उतरल्या उतरल्या खताचे पोते उचलू नये, आधी थोडे चालावे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर सीट बदलण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.