पट्टा कोणाला हरवून आला, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटनचा बॉक्सर डॅनियल डुबॉइस हेवीवेटचा वर्ल्ड चॅम्पियन होता, तरी जाणकार त्याला युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकच्या पंगतीला का बसवत नाहीत? चॅम्पियनचा पट्टा असला की माणूस एलिट, म्हणजे अव्वल दर्जाचा, धरायला नको का?

नको. आणि हे मी घरात गोल्ड मेडल असलेला माणूस म्हणून सांगतो. कॉलेजात असताना जिल्हा स्पर्धेत माझ्या वजनात आम्ही तिघंच होतो. एकाचं वजन सकाळी सातशे ग्रॅम जास्त भरलं, तो काट्यावरच बाद. दुसऱ्याचा नेमका त्या दिवशी पेपर, तो आलाच नाही. पंचांनी माझा हात वर केला तेव्हा ग्लोव्हजना घामसुद्धा लागला नव्हता. गावात मात्र हलगी वाजली, फेटा बांधला. त्या दिवशी खोटं कोणीच बोलत नव्हतं. मी खरंच जिल्हा विजेता होतो.

आपल्याकडच्या कुस्तीवरून हे लवकर कळतं. नोव्हेंबर २०२३ आठवा. दोन संघटनांच्या भांडणात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. मग आपल्या धाराशिवला दुसरी स्पर्धा भरली, तिथं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा शिवराजनेच नेली. आता महाराष्ट्र केसरी कोण? दोघंही. पण फडावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो गदा नाही मोजत, 'कोणाची कुस्ती कोणाशी झाली' एवढंच विचारतो.

बॉक्सिंगमध्ये हेच वर्षभर चालतं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना, प्रत्येकीचे सतरा-अठरा वजनगट. त्यात डब्ल्यूबीए तर एकाच वजनात 'सुपर' आणि 'रेग्युलर' असे दोन चॅम्पियन ठेवते, वर 'इंटरिम' म्हणजे हंगामी चॅम्पियन वेगळाच. टायटलच्या प्रत्येक लढतीवर संघटनेला मानधनातला वाटा मिळतो. म्हणजे जेवढे पट्टे, तेवढी वसुली. जत्रेतल्या पंच कमिटीलासुद्धा एवढी कल्पना सुचली नसती.

डुबॉइसचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उसिकने त्याला नवव्या फेरीत बसवलं. (पाचव्या फेरीतला तो ठोसा कमरेखाली होता की नव्हता, हा वाद अजून चालतो. माझ्या मते कमरपट्ट्यावर होता, पण ते राहू द्या.) मे २०२४ मध्ये रियाधला उसिकने टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे गोळा केले. चार पट्ट्यांच्या काळात हेवीवेटमध्ये हे कोणालाच जमलं नव्हतं. पण महिना-दीड महिन्यात आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला, कारण संघटनेने ठरवलेला प्रतिस्पर्धी एक आणि फ्युरीशी करारात लिहिलेली फेरलढत दुसरी. तो पट्टा गेला डुबॉइसकडे. त्याने जूनमध्ये क्रोएशियाच्या फिलिप हरगोविचला हरवून इंटरिम टायटल घेतलं होतं, त्याचंच कागदावर पूर्ण टायटल झालं. म्हणजे ज्याने त्याला झोपवलं होतं तो जिवंत, धडधाकट, अजिंक्य, आणि 'चॅम्पियन' हा.

बरं, म्हणून तो फुसका ठरला का? तसंही नाही. सप्टेंबरमध्ये वेम्बलीला त्याने माजी वर्ल्ड चॅम्पियन अँथनी जोशुआला चार वेळा खाली पाडलं आणि पाचव्या फेरीत संपवलं. माझ्या लेखी त्याचं खरं टायटल ते. जुलै २०२५ मध्ये उसिक पुन्हा समोर आला, पुन्हा पाचवी फेरी, या वेळी डुबॉइस खाली.

उलटं उदाहरण सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन हेवीवेट केन नॉर्टनचं, मला फार आवडतं. १९७३ मध्ये त्याने मुहम्मद अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. पण टायटलच्या तिन्ही लढती हरला: फोरमनशी, अलीशी, होम्सशी. पट्टा मिळाला तो १९७८ मध्ये. तेव्हाचा चॅम्पियन लिऑन स्पिंक्सने नॉर्टनऐवजी अलीशी फेरलढत धरली, म्हणून डब्ल्यूबीसीने स्पिंक्सचं टायटल काढून नॉर्टनला घोषित केलं. अगदी माझ्यासारखं! फरक एवढाच की तो कोणाही चॅम्पियनला रात्रभर जागं ठेवणारा गडी होता, आणि मी एकही ठोसा न मारता जिंकलेला पोरगा.

म्हणून कोणाचं रेकॉर्ड बघताना मी पट्टा आधी बाजूला काढतो. टायटल रिकामं होतं की कोणाकडून हिसकावलं? समोरचा तेव्हा भरात होता की उतरणीला? ज्याच्याशी लढायला हवं होतं त्याला टाळलं का? आणि हरल्यावर पुढची लढत कोणाशी घेतली? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात.

आपल्या विजेंदरलाही हेच लावा. २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक पट्टा घेतला. तो प्रादेशिक पट्टा. त्याने क्रमवारीत वर सरकता येतं, एवढंच. मला विचाराल तर २००८ चं बीजिंगचं ब्राँझ त्याहून कितीतरी जड. तिथं प्रतिस्पर्धी निवडायची सोयच नसते, ड्रॉमध्ये जो येईल त्याच्याशी.

आणि पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे? २०१८ ला कॉमनवेल्थचं सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ. महाराष्ट्र केसरीची गदा त्याच्याकडे नाही, कारण ती ८६ ते १२५ किलोवाल्यांची आणि हा सत्तावन्न-एकसष्ट किलोचा. बीड जिल्ह्यात जाऊन कोणाला सांगून बघा की तो एलिट नाही म्हणून.

तर डुबॉइसला मी त्या दोन वर्षांतल्या पहिल्या पाचांत नक्की धरीन. उसिकच्या पंगतीला नाही. जोशुआची लढत तुम्ही पाहिली नसेल तर आज रात्रीच पाहा. जेवण वाढेपर्यंत संपते.