वाचनालय ‘स्थापित’ केलं की ‘स्थापन’?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकांनी विचारलंय. गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून वाचनालय सुरू करायचं ठरवलं आणि पत्रिकेत ‘वाचनालय स्थापित करण्यात येत आहे’ असं छापलं. शेजारच्या काकांनी पत्रिका हातात घेताच ‘हे हिंदी झालं’ म्हणून नाक मुरडलं. मग बरोबर काय, आणि पाटीवर काय लिहायचं?

काकांचं नाक योग्य जागी मुरडलंय. ‘स्थापित करना’ ही हिंदीची सरळ चाल आहे. मराठीत आपण ‘स्थापन करतो’. पण म्हणून ‘स्थापित’ हा शब्दच मराठीतून हाकलायला नको. विशेषण म्हणून तो चांगला रुळलेला आहे. सोलापूरच्या औष्णिक वीज प्रकल्पाची ‘स्थापित क्षमता’ १,३२० मेगावॉट आहे, असं लिहिलं तर कुणाला खटकत नाही. खटकतं ते त्याला ‘करणे’ जोडलं की.

खरी गफलत मात्र वेगळीच होते, आणि ती पत्रिकांतून सर्रास दिसते: ‘वाचनालयाची स्थापन केली’. ‘स्थापना’ हे स्त्रीलिंगी नाम आहे, त्यामुळे ‘वाचनालयाची स्थापना केली’. ‘स्थापन करणे’ हे ‘सुरू करणे’, ‘मान्य करणे’ यांच्यासारखं जोडक्रियापद आहे. त्यातलं ‘स्थापन’ हलत नाही, ‘करणे’चं रूप कर्माप्रमाणे बदलतं: संघ स्थापन केला, संस्था स्थापन केली, वाचनालय स्थापन केलं. इथे ‘ची’ला जागाच नाही.

‘स्थापणे’ असं एकच सुटसुटीत क्रियापदही आहे. ‘राज्य स्थापलं’, ‘मठ स्थापला’. पण बोलताना ते जरा पुस्तकी वाटतं. गंमत अशी की आपल्या गावातल्या कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्यांना ‘करणे’ची कुबडी लागतच नाही. कन्नडमध्ये ‘स्थापिसु’, तेलुगूत ‘स्थापिंचु’. संस्कृत शब्दाला शेपूट लावलं की झालं क्रियापद. पूर्व भागातल्या घरांत हे रोज कानावर पडतं, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांना घरीच ताडून बघता येईल.

आता मुळाकडे. ‘स्था’ म्हणजे उभं राहणं, आणि स्थापणं म्हणजे उभं करणं. हेच ‘स्थापय’ प्राकृतातून घासत घासत मराठीत आलं आणि ‘ठेवणे’ झालं. म्हणजे देव्हाऱ्यात मूर्ती ‘स्थापणारे’ गुरुजी आणि ओट्यावर कळशी ‘ठेवणारी’ आजी एकच धातू वापरतात.

पण देवाच्या बाबतीत मराठी माणूस उभं करायला तयार नाही, तो बसवतो! पत्रिकेत ‘श्रींची प्रतिष्ठापना’, तोंडात ‘गणपती बसवला’. ‘घटस्थापना’ पंचांगात, घरात मात्र ‘आज घट बसले’. नवरात्र संपलं की तेच घट ‘उठतात’, आणि या ‘उठण्या’त पुन्हा ‘स्था’ लपलेला आहेच. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी पंचक्रोशीत ६८ शिवलिंगं स्थापली, असं परंपरा सांगते आणि संक्रांतीला त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, या लिंगांनाच प्रदक्षिणा घालतात. तिथे ‘स्थापली’ हेच शोभतं. गणपती अकरा दिवसांचा पाहुणा, तो बसतो आणि उठतो. लिंगं आठशेहून अधिक वर्षांची, ती उठायची नाहीत.

मला वाटतं, हाच फरक वाचनालयाला लावावा. चालवणारी माणसं बदलली तरी जे टिकायचं असतं, त्याला ‘स्थापन’. सोलापूरची महानगरपालिका १९६४ साली स्थापन झाली, विद्यापीठ २००४ साली. इथली मुरारजी गोकुळदासांची कापड गिरणी १८७७ सालची. तिच्याबद्दल म्हातारी माणसं ‘जुनी गिरणी उभी राहिली’ म्हणायची, तेही अर्थाने तेच. बाकी सगळं आपण काढतो, टाकतो, थाटतो, मांडतो. फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा ‘काढली’. पूर्वी दुकानही ‘काढायचे’, आता सगळे ‘टाकतात’: पिठाची गिरणी टाकली, हॉटेल टाकलं, चार माग टाकले. पुढाऱ्याने कॉलेज ‘टाकलं’ असं कुणी म्हणालं की त्यात फी किती असेल तेही ऐकू येतं. ‘थाटणे’त ऐट आहे. ‘मांडणे’ सरळही येतं, पण ‘काय दुकान मांडलंय’ म्हटलं की समोरच्याने समजून घ्यावं.

एक नवल सांगतो. दुकान काढलं म्हणजे सुरू केलं. दुकान टाकलं म्हणजेही सुरू केलं. आणि दुकान काढून टाकलं म्हणजे? संपलं! हे परक्या माणसाला समजावून सांगताना माझी भंबेरी उडते.

‘प्रस्थापित’बद्दल प्रश्नात काही नाही, पण राहवत नाही. ‘विक्रम प्रस्थापित केला’ हे वर्तमानपत्रांतलं ठरलेलं वाक्य. संस्कृतात मात्र ‘प्रस्थापित’ म्हणजे धाडलेला, रवाना केलेला. आषाढीसाठी पंढरीकडे निघणाऱ्या पालखीचं ‘प्रस्थान’ होतं, त्यात तोच मूळ अर्थ शाबूत आहे. मराठीने ‘प्रस्थापित’ नेमका उलटा फिरवला: निघालेला नव्हे, तर जागा धरून बसलेला. निवडणुकीत ‘प्रस्थापितांना धक्का’ म्हणतात, तो हा. शब्द चुकीचा ठरत नाही, वापराने त्याला हा अर्थ दिलाय. पण वाचनालय ‘प्रस्थापित’ करू नका.

तेव्हा पत्रिका पुन्हा छापायची असेल तर ‘वाचनालयाची स्थापना करण्यात येत आहे’ किंवा ‘वाचनालय स्थापन करण्यात येत आहे’, दोन्ही चालेल. खरं तर ‘वाचनालय सुरू होत आहे, जरूर या’ हे सगळ्यात बरं. पाटीवर ‘स्थापना’ आणि पुढे साल, बस. ‘स्थापित’ खाली रंगवून झालं असेल तर पेंटरला परत बोलवा. शेवटचा ‘त’ खोडून ‘ना’ करायचा आणि ‘पि’ची वेलांटी काढून ‘प’ ठेवायचा, एवढंच काम आहे.