सोलापुरात राहतो, भजनात पेटी वाजवतो. पियानो आणि नोटेशन स्वतः शिकता येईल का?

हो, नक्की येईल, पण पहिल्या दिवसापासून नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचतच शिका. मीही पेटीवरूनच पियानोकडे वळलो. आपली पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य नावांत सी. पाच रेघांवर ट्रेबल क्लेफ हे वरच्या सुरांचं चिन्ह खालून दुसऱ्या रेघेवर जी दाखवतं, म्हणजे पांढरी पाच; बास क्लेफ हे खालच्या सुरांचं चिन्ह खालून चौथ्या रेघेवर एफ, पांढरी चार. मधला सी दोन्हींच्या मध्ये. या तीन खुणा पक्क्या करा, बाकीचे स्वर तिथून मोजा. सुरांवर सारेगम लिहू नका. सा कुठल्याही पट्टीवर सरकतो, सी सरकत नाही. खरा कस डाव्या हाताचा! पेटीवर तो भात्यालाच जुंपलेला असतो, म्हणून आधी तो एकटा वाजवा. फक्त मनगट ताठ होतंय का, हे आपलं आपल्याला कळत नाही. तेवढं महिन्याभरात एखाद्या जाणकाराला दाखवा.