वाचक विचारतात: दगडात तेल मावतं कुठं?

प्रश्न: सर, अक्कलकोटकडं आमच्या रानात बोअर मारलं, 400 फूट नुसता काळा पाषाण, पाणीसुद्धा नाही. मग तिकडं राजस्थानात दगडातनं तेल कसं काय निघतं? खाली तेलाचं तळं असतं का? (एक शेतकरी, सोलापूर)

उत्तर: दादा, तळं नसतं, तेल दगडाच्या अंगातच मुरलेलं असतं. घरी करून बघा, सीना नदीची चाळलेली कोरडी वाळू ग्लासात काठोकाठ भरा आणि वरून हळूहळू पाणी ओता, भरलेल्या ग्लासात अजून तिसरा हिस्सा तरी पाणी बसतंय! आता दुसऱ्या ग्लासात तशाच कोरड्या वाळूत मूठभर काळी माती कालवून भरा आणि पाणी ओता, पाणी वरच तुंबतं.

वालुकाश्म म्हणजे हीच वाळू, लाखो वर्षं दाबली गेलेली आणि चुन्यानं नाहीतर सिलिकानं चिकटलेली, पण सगळ्या फटी काही बुजत नाहीत, चांगल्या वालुकाश्मात 100 भागांत 15 ते 25 भाग पोकळ असतात आणि मुख्य म्हणजे त्या फटी एकमेकींना जोडलेल्या असतात. आपल्या मांजऱ्या खडकातपण भोकं असतात की, पण प्रत्येक भोक वेगळं, त्यात पांढरं खनिज भरलेलं, मग पाणी सरकणार कुठनं? आपला पाषाण लाव्हा थिजून झालाय, त्यात पाणी मिळतं ते भेगांत नाहीतर कुजलेल्या थरात.

आणि नुसता वालुकाश्म असून भागत नाही बरं का. तेल तयार होतं दुसरीकडं, जुन्या चिखलात गाडलेल्या शेवाळापासून, मग ते पाण्यापेक्षा हलकं म्हणून फटीफटीतनं वर चढतं, आणि वर घट्ट चिकणमातीच्या दगडाचं झाकण असेल तरच अडतं, नाहीतर निसटून जातं. राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला फील्ड (तेलाचं क्षेत्र, 2004 ला सापडलं) असंच, जुन्या नद्यांनी टाकलेल्या वाळूचं. आसामचं दिग्बोईपण वालुकाश्मच. मुंबई हायचा मुख्य साठा मात्र चुनखडीत आहे, तो विषय वेगळा.

आता नुसत्या वाळूच्या पहिल्या ग्लासावर फडकं बांधून तो पालथा करा. निथळलं तर थोडंफार पाणी निथळेल, पण वाळू ओलीच राहील. तेलही असंच कणांना धरून बसतं, बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त खालीच राहतं, म्हणून मंगलात पॉलिमर घालून दाट केलेलं पाणी खाली सोडतात आणि तेल पुढं रेटत विहिरीपर्यंत आणतात.