लातूरहून अंदमानला जाऊन कमी खर्चात तंबू आणि स्नॉर्केलिंग जमेल का?

आपण विचारले आहे की, विहिरीत पोहणे शिकलेल्या दोघा मित्रांना हे जमेल का. नक्की जमेल, मात्र खर्च वाचवायचा तो प्रवासात आणि मुक्कामात, स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्याच्या, मास्कवर नव्हे.

हैदराबादमार्गे चेन्नई गाठून तिथून विमान पकडावे आणि पुढे स्वराज द्वीप (हॅवलॉक) व शहीद द्वीप (नील) येथे खाजगी बोटीऐवजी स्वस्त सरकारी फेरीने जावे. डिसेंबर ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. तंबू मोकळ्या किनाऱ्यावर न लावता साध्या निवासाच्या आवारात, मालकाला विचारूनच लावावा, कारण खारफुटीजवळ आणि खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातील मगरींचा धोका खरा आहे.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तरच तो आपल्या मापाचा. मिशीखालून पाणी शिरते, हे मी स्वतः अनुभवले आहे. विहिरीत आपण दम कोंडून बुडी मारतो, इथे मात्र नळीतून संथपणे श्वास घेत तरंगायचे असते, म्हणून निघण्यापूर्वी गावातच, कुणीतरी काठावर असताना, आठवडाभर सराव करावा आणि समुद्रात लाइफ जॅकेट घालावेच.

प्रवाळावर कृपया पाय ठेवू नका. ते सजीव आहे, आणि त्याचा तुकडा आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे.