सुट्टीवर आलेल्या फौजीला गावचे पोलीस अटक करू शकतात का?

तुम्ही लिहिलंय ते असं: शेजाऱ्याचा मुलगा सैन्यात आहे, सुट्टीवर गावी आला, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडण झालं आणि त्यानं तुमच्या भावाच्या डोक्यात उभारी (दांडका) घातली. ठाण्यात गेलात तर ठाणेदार म्हणाले, "फौजीले आमी हात लावू शकत नाई, त्याच्या सीओचं पत्र आना." हे खरं आहे का, असं तुम्ही विचारताय.

खरं नाही. गुन्हा नोंदवायला सीओचं, म्हणजे त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं, पत्र लागत नाही, आणि तुमच्या प्रकरणात अटकेलाही लागत नाही. मी सैन्यात क्लर्क होतो, आता वर्धा जिल्ह्यात शेती बघतो. पोलिसांकडून युनिटला येणारा पत्रव्यवहार माझ्या टेबलावरून जायचा, म्हणून दोन्ही बाजूंचे कागद पाहिलेत.

ठाणेदारांच्या डोक्यात बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२ असावं. जुन्या सीआरपीसीत हेच ४५ होतं. त्यात लिहिलंय की सशस्त्र दलातल्या माणसानं सरकारी कर्तव्य बजावताना जे काही केलं असेल, त्यासाठी केंद्र सरकारच्या संमतीशिवाय त्याला अटक करता येणार नाही. लोक 'कर्तव्य बजावताना' हे शब्द गाळून बाकीचं पाठ करतात. पुलगावच्या डेपोची गाडी ड्युटीवर असताना रस्त्यात कुणाला धडकली, तर तिथे या कलमाचा विचार करावा लागेल. तिथेसुद्धा गुन्हा नोंदवायला अडचण नाही, प्रश्न फक्त अटकेचा. धुऱ्यावर उभारी उगारणं हे कुठल्याच पलटणीचं कर्तव्य नाही. आणि अफ्स्पाचं (अशांत भागात लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याचं) नाव कुणी काढलं तर तो कायदा विदर्भात लागूच नाही, अगदी गडचिरोलीतही नाही.

दुसरा घोळ आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २९ मुळे होतो. कर्जासाठी दिवाणी किंवा महसुली कोर्टाच्या आदेशानं सैनिकाला अटक होत नाही, एवढंच ते कलम सांगतं. गावात त्याचं 'फौजीला अटकच होत नाही' असं होऊन बसतं.

पण ठाणेदार कचरतात त्याचं खरं कारण वेगळंच असावं असा माझा अंदाज आहे. शेतीचा वाद असला की जवान सुट्टीवर निघताना सीओच्या सहीचं एक पत्र घेऊन येतो. वर कलेक्टर नाहीतर एसपी साहेबांचं नाव, खाली लालभडक गोल शिक्का, मधे मजकूर की आमचा जवान सीमेवर देशसेवा करतो, त्याच्या कुटुंबाला जमिनीच्या वादात मदत करावी. अशी पत्रं मी स्वतः टाइप केलीत, मजकूर ठरलेला, फक्त नाव आणि गट नंबर बदलायचा. बहुतेक वेळा जवानाची अडचण खरी असते, तो हजार मैलांवर असताना भाऊबंद धुरा सरकवतात. पण ते पत्र म्हणजे विनंती आहे. त्यानं सातबारा बदलत नाही आणि फौजदारी गुन्ह्यातून सूट मिळत नाही. तुमच्या शेजाऱ्यानं ठाण्यात असं पत्र दाखवलंय का, ते बघा.

सीओला कायद्यात अधिकार आहे, नाही असं नाही. तो बराच पुढे, खटला चालवायची वेळ आली की येतो. साधा फौजदारी गुन्हा सैनिकानं केला तर खटला आपल्या कोर्टातही चालू शकतो आणि कोर्ट मार्शलपुढेही. कुठे चालवायचा हे आर्मी ॲक्टच्या कलम १२५ खाली लष्करी अधिकारी ठरवतात. १९७८ च्या नियमांप्रमाणे, लष्करानं स्वतःहून प्रकरण कोर्टाकडे सोपवलं नसेल, तर न्यायदंडाधिकारी आधी सीओला लेखी नोटीस देतात आणि १५ दिवस दोषारोप निश्चित करत नाहीत. त्या मुदतीत लष्करानं आरोपी मागितला तर द्यावा लागतो. मागितलाच नाही तर खटला आपल्या कोर्टात. २०२२ साली सिक्कीमच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, आणि तिथे तर आरोप खुनाचा होता, मेलेलाही सैनिकच होता. मेलेला सैनिक नसून साधा नागरिक असेल, तर खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्काराचा खटला कोर्ट मार्शलला चालवताच येत नाही. अपवाद तीनच: सक्रिय सेवा (युद्ध किंवा लष्करी मोहिमेवर असणं), परदेश आणि केंद्रानं जाहीर केलेली सीमेवरची ठाणी.

गावच्या मारामारीत आमचे साहेब सहसा प्रकरण गावाकडच्या फौजदारी कोर्टाकडेच राहू द्यायचे. युनिट राजस्थानात, साक्षीदार आर्वी तालुक्यात, कोण कुणाला बोलावणार?

आता तुमचं काम. सगळ्यात आधी सरकारी दवाखान्यातलं इंज्युरी सर्टिफिकेट. साधी दुखापत लिहिली आणि हत्याराचा उल्लेख नसला तर प्रकरण अदखलपात्र होतं, एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हातात देऊन पोलीस मोकळे. हाड मोडलं असेल किंवा भाऊ १५ दिवस तीव्र वेदनेत असेल, रोजची कामं करू शकत नसेल, तर ती गंभीर दुखापत. पूर्वी ही मुदत २० दिवस होती, नव्या न्याय संहितेत १५ केली. उभारीनं मारलं हे डॉक्टरांना आणि फिर्यादीत, दोन्हीकडे सांगा. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय. तरी टाळलं तर एसपींना पोस्टानं लेखी तक्रार, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. पोलीस पाटलांना सांगून ठेवा, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका.

एक खात्री मात्र करून घ्या. आपल्याकडे सीआरपीएफ, एसआरपीएफ, काहीही असलं तरी 'मिलिट्रीत आहे' असंच म्हणतात. एसआरपीएफ म्हणजे राज्याचे पोलीसच, त्यांना कोर्ट मार्शल नाही. सीआरपीएफलाही आर्मी ॲक्ट लागू नाही.

जवान सैन्यातलाच असेल तर एफआयआरची प्रत त्याच्या सीओला पाठवा. पोलिसांनीही युनिटला कळवायचं असतंच, तुमची प्रत गेलेली बरी. युनिटचं नाव आणि एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) नंबर पुरे, ५६ किंवा ९९ एपीओ असं काहीतरी असेल. नाव त्याच्या सुट्टीच्या कागदावर असतं, पोलीस तो मागू शकतात. पण हे पत्र पैसे उकळायचं साधन म्हणून वापरू नका, असं मी स्पष्टच सांगतो. फौजदारी खटला सुरू झाला की जवानावर डीव्ही बॅन (शिस्त आणि दक्षतेच्या कारणानं लष्कर लावतं ती रोख) लागतो आणि प्रमोशन अडकतं. हे माहीत असल्यानं काही लोक दुखापतीपेक्षा मोठी रक्कम मागतात. तुमच्या भावाचं डोकं खरंच फुटलंय, तर खऱ्याच गोष्टीवर राहा.

सुट्टी संपून तो निघून जाईल, ही भीती तुम्ही लिहिलीय. जाईलही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस तसंही आधी नोटीस देतात, लगेच अटक करत नाहीत. अटकेशिवायही दोषारोपपत्र दाखल होतं. समन्स सीओमार्फत बजावतात, आणि कोर्टाची तारीख दाखवली की युनिट जवानाला सोडतं. तारखा लांबतील, हे धरून चाला.