रॉयल्सचे मैदान शहराच्या मध्यभागी असावे का?

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत कॅन्सस सिटीत राहतो. तेथील रॉयल्स या बेसबॉल संघाने मध्यवर्ती भागात नवे स्टेडियम बांधून स्थलांतर करणे योग्य ठरेल का?

उत्तर : रॉयल्स १९७३ पासून कॉफमन स्टेडियममध्ये खेळतात. महामार्गालगतच्या या मैदानाभोवती मुख्यतः वाहनतळच असल्याने सामना संपताच प्रेक्षक मोटारीत बसून घरी जातात, आणि हंगामातील ८१ घरच्या सामन्यांचा लाभ आसपासच्या दुकानांना फारसा मिळत नाही. मध्यवर्ती जागेच्या बाजूने हा युक्तिवाद मला खरोखर वजनदार वाटतो. परंतु प्रश्न जागेपेक्षा पैशाचा अधिक आहे. स्टेडियमच्या खर्चासाठी ४० वर्षे तीन-अष्टमांश टक्का विक्रीकर घेण्याचा प्रस्ताव जॅक्सन काउंटीतील (कॅन्सस सिटीचा मोठा भाग ज्यात येतो त्या जिल्ह्यातील) मतदारांनी २ एप्रिल २०२४ रोजी सुमारे ५८ टक्के मतांनी फेटाळला. तेव्हा नव्या मैदानासाठी निवडलेल्या, शहराच्या मध्यवर्ती क्रॉसरोड्स भागातील लहान व्यावसायिकांना आपली जागा जाण्याची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. विक्रीकराचा भार गरिबांवर तुलनेने अधिक पडतो, शिवाय स्टेडियममध्ये खर्च होणारा पैसा बहुधा त्याच शहरातील अन्य करमणुकीतून वळलेला असतो, असे अर्थतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल संघाने २००० साली शहरातील नवे मैदान मुख्यतः खासगी पैशातून उभारले. रॉयल्सच्या मालकांनीही बहुतांश खर्च स्वतः उचलला आणि विस्थापित दुकानदारांना लेखी हमी दिली, तरच मी स्थलांतराच्या बाजूने मत देईन.